काळ्या पट्ट्याच्या टाचणीच्या मागावर: नागपूरच्या नवख्यांसाठी

पाऊस ओसरला की नागपुरातले कॅमेरेवाले दोन दिशांना पांगतात. वाघवाले पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी गेटकडे, पक्षीवाले तलावांकडे. उरलेले चार-दोन जण एखाद्या नाल्यात दगडावर उकिडवे बसलेले सापडतात, आणि तिथून ढोरं घेऊन जाणारा गुराखी त्यांना हमखास विचारतो, "काय हरवलं जी भाऊ?" हा लेख त्या चार-दोन जणांत नव्याने सामील होऊ पाहणाऱ्यांसाठी आहे.

शोधायचं काय, ते आधी सांगतो. ब्लॅक-विंग्ड बांबूटेल नावाची टाचणी, म्हणजे चतुराच्या नात्यातला, बारीक अंगाचा पाण्याकाठचा कीटक. शास्त्रीय नाव डिस्पॅरोन्यूरा क्वाड्रिमॅक्युलाटा. रांबूर या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८४२ साली तिचं वर्णन केलं. ही भारतीय द्वीपकल्पातलीच, बाहेर कुठे नाही. नर विटकरी रंगाचा, उदबत्तीच्या काडीएवढ्या पोटाचा. पंख पारदर्शक, पण मधोमध रुंद काळपट पट्टा. मादी फिकट तपकिरी आणि पंख कोरे, त्यामुळे ती समोर बसलेली असूनही नजरेतून सुटते. हिला वाहतं, दगडगोट्यांचं, काठावर झाडी असलेलं पाणी लागतं. सह्याद्रीतल्या नद्यांवर अशा जागा भरपूर. आपल्याकडचे बहुतेक नाले दिवाळीनंतर धाप टाकतात, म्हणून इथे तिची गाठ पडणं अवघड. पण तिच्या निमित्ताने जी पद्धत अंगवळणी पडते ती कुठल्याही दुर्मीळ टाचणीला लागू पडते, आणि पहिल्या हंगामात ती दिसली नाही तरी हात रिकामे राहत नाहीत.

१. आधी गावातल्या टाचण्या पाठ करा

ही पायरी सगळ्यांना टाळाविशी वाटते. टाळू नका. नेहमीच्या आठ-दहा टाचण्या नर, मादी आणि कोवळ्या अवस्थेसह ओळखता आल्याशिवाय "वेगळी" म्हणजे काय हेच कळत नाही.

टाचणी आणि चतुर हे एकाच गणातले दोन गट. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना असतात, मधे चांगलं अंतर. बसली की पंख पाठीवर मिटते. चतुराचे डोळे मोठे, बहुतेकांत एकमेकांना भिडलेले, आणि तो पंख आडवे पसरून बसतो. अपवाद लेस्टिस कुळातल्या टाचण्यांचा, त्या पंख अर्धवट उघडे ठेवतात. वाळलेल्या गवतात वाळक्या काडीच्या रंगाचं, पंख फाकवून बसलेलं काही दिसलं तर ते बहुधा लेस्टिस.

सरावासाठी अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानातला किंवा फुटाळ्याच्या काठचा गवताळ भाग पुरे. पिवळाजर्द कोरोमंडल मार्श डार्ट तर बागेतल्या कमळाच्या हौदातही असतो. शेपटीच्या टोकाला निळा ठिपका मिरवणारे गोल्डन डार्टलेट, नखाएवढा पिग्मी डार्टलेट, केशरी तोंडाचा सॅफ्रन-फेस्ड ब्ल्यू डार्ट, सावलीतला येलो बुश डार्ट: एवढ्यांशी ओळख झाली की पुढे चला. हिस्लॉप कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातून अनेक वर्षं चतुर-टाचण्यांवर संशोधन झालं आहे. तुमच्या ओळखीत तिथला कुणी माजी विद्यार्थी असेल तर त्याला एका सकाळी सोबत न्या, महिन्याचं काम होऊन जाईल.

याच टप्प्यावर तीन फसगती होतात.

पहिली, नारिंगी टाचणी. सेनेगल गोल्डन डार्टलेटच्या कोवळ्या माद्या चक्क नारिंगी असतात आणि वय वाढलं की रंग बदलतात. दरवर्षी कुणीतरी त्यांना नवीन प्रजाती ठरवतं.

दुसरी, पांढरं भूत. नाल्याच्या सावलीत पांढुरकी, जवळजवळ बिनरंगी टाचणी तरंगताना दिसली की अंगावर शहारा येतो. ती येलो बुश डार्टची अल्पवयीन अवस्था असते. तिथेच आजूबाजूला पिवळ्या पायांचे मोठे नर शोधा, सापडतील.

तिसरी फसगत थेट आपल्या लक्ष्याशी जोडलेली. पंखावर काळा भाग दिसला म्हणून धावू नका. धानाच्या बांधीवर आणि बोडीच्या काठावर पाइड पॅडी स्किमर नावाचा चतुर रेंगाळत उडतो, त्याचे पंख निम्मे काळे असतात. पिवळ्या-काळ्या नक्षीच्या पंखांचा कॉमन पिक्चरविंग फुलपाखरासारखा तरंगतो. दोघेही चतुर, दोघेही साचलेल्या पाण्यावरचे. बसला की पंख मिटतो का, एवढं पाहिलं तरी काम भागतं.

२. नाला घरी बसून निवडा

नवखा माणूस जंगल निवडतो आणि मग त्यात पाणी शोधत फिरतो. उलट करा. पाणी निवडा, मग ते कुणाच्या हद्दीत येतं ते पहा.

नागपूर शहर दोन वेगळ्या जमिनींच्या शिवेवर वसलंय. पश्चिमेला काटोल-कोंढाळीकडे दख्खनचा काळा बेसॉल्ट, पूर्वेला आणि उत्तरेला रामटेक-पेंचच्या बाजूला जुने रूपांतरित खडक. खडक बदलला की नाल्याचा तळ बदलतो, वाळू-गोट्यांचं प्रमाण बदलतं, पाणी किती काळ झिरपत राहणार तेही बदलतं. म्हणून दोन्ही बाजूंचा किमान एकेक नाला यादीत ठेवा.

आता खरी युक्ती. गूगल अर्थवर जुनी छायाचित्रं पाहण्याची सोय आहे. त्यात एप्रिल-मे महिन्यांतलं चित्र उघडा. सागाचं रान तेव्हा राखाडी-तपकिरी दिसतं आणि त्यातून एखादी हिरवी रेघ नागमोडी जाताना दिसते. ते नाल्याकाठचे अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर. भर उन्हाळ्यात ती रेघ हिरवी आहे म्हणजे खाली ओल आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचं टोपोशीट हाताशी असेल तर तेही पहा. पाणी असलेले प्रवाह त्यावर निळे आणि कोरडे पडणारे काळे छापलेले असतात. दोन्ही नकाशे जिथे जुळतात ती जागा टिपून ठेवा.

त्यानंतर गावात जा आणि माणसांना विचारा. "इथे टाचणी दिसते का?" हा प्रश्न वाया जातो. "काका, कोणत्या नाल्याले होळीपर्यंत पाणी राह्यते?" हे विचारा. ढोरं चारणाऱ्याला आणि मासे धरणाऱ्याला हे तोंडपाठ असतं. कुठल्या डोहात पाय घालू नये, कुठल्या झाडावर आग्या मोहोळ आहे, तेही तोच सांगतो.

चांगल्या पट्ट्याची खूण अशी: उथळ, खळखळणारं पाणी आणि त्याला लागून संथ डोह, पाण्यावर झुकलेल्या फांद्या, उघडी पडलेली मुळं, सावली, पण मधेमधे उन्हाचे कवडसे, तळातले दगड स्वच्छ, शेवाळाच्या जाड थराखाली दबलेले नाहीत. जिथे वाळूचा उपसा चालू आहे, जिथे कपडे आणि गाड्या धुतल्या जातात, तिथे वेळ घालवू नका. टाचणीचं पिल्लू महिनोन्‌महिने पाण्याखाली जगतं. त्याला श्वासासाठी पोटाच्या टोकाला तीन पानासारखे कल्ले असतात, साबणाच्या आणि गाळाच्या पाण्यात ते टिकत नाही. नाग नदीच्या शहरातल्या पात्रावर सोशिक अशा दोन-चारच जाती दिसतात, त्याचं कारण हेच.

सुरुवातीला पारशिवनी तालुक्यातल्या पेंच नदीकाठची घोगरा महादेवासारखी सार्वजनिक ठिकाणं बरी. लोकांची ये-जा असते आणि तुम्ही काय करताय याचा खुलासा एकदाच करावा लागतो. यात्रेचे दिवस आणि रविवार मात्र टाळा.

३. परवानगी: इथे घाई नडते

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. कलम २७ प्रवेशाबद्दलचं, कलम २८ परवानगीबद्दलचं. वन्यजीवांचा अभ्यास आणि पर्यटन ही त्यातली मान्य कारणं. राखीव वनाला भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू होतो. "मी तर फक्त किडे पाहतोय" हे उत्तर दोन्हीकडे चालत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा. पेंचच्या गाभ्यात सफारीत जाताना कितीही देखणा नाला आडवा आला तरी जिप्सीतून उतरायचं नाही. गाईडला गळ घालू नका, त्याची रोजी जाते. पावसाळ्यात गाभ्यातलं पर्यटन बंद असतं, साधारण ऑक्टोबरमध्ये उघडतं. म्हणजे नाले सर्वांत भरात असतात तेव्हा आतली दारं बहुतेक बंद. त्यामुळे नवख्याने पहिला हंगाम अभयारण्याबाहेरचे सार्वजनिक घाट, रस्त्याच्या पुलाखालचे प्रवाह आणि मालकाला विचारून शेतातून जाणारे नाले यांवरच काढावा. प्रादेशिक वनविभागाच्या जंगलात पायी जायचं तर संबंधित वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि सोबत वनरक्षक किंवा वनमजूर हवा.

अभयारण्यात अभ्यासासाठी जायचं असेल तर अर्ज वनविभागाकडे करा. पेंचच्या क्षेत्र संचालकांचं कार्यालय नागपुरातच आहे, राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय वनभवनही सिव्हिल लाइन्समध्ये. अर्जासोबत लागणारी कागदपत्रं:

- उद्देश, तारखा, परिक्षेत्र आणि शक्य तर बीटचं नाव लिहिलेला अर्ज, दोन प्रतींत. एका प्रतीवर पोच घ्या
- आधार कार्डाची प्रत आणि पासपोर्ट आकाराचे फोटो
- महाविद्यालय किंवा संस्थेचं पत्र, असल्यास
- गाडीचा क्रमांक, चालकाचं नाव, परवान्याची प्रत
- कॅमेरा, लेन्स, फ्लॅशची यादी
- "कोणताही नमुना गोळा करणार नाही, ड्रोन वापरणार नाही" असं एक स्वच्छ वाक्य

शेवटचं वाक्य लिहिलंच पाहिजे. साहेबांच्या मनात पहिली शंका हीच येते की हा माणूस किडे डबीत भरून नेणार.

परवानगी मिळाली की तिची छापील प्रत खिशात ठेवा. मोबाईलमधला फोटो रेंज नसलेल्या नाक्यावर उघडत नाही. आणि तोंडी "जा ना साहेब, काही होत नाही" यावर विसंबू नका. आज ड्युटीवर एक गार्ड असतो, उद्या दुसरा.

४. हंगाम आणि घड्याळ

जुलै-ऑगस्टमध्ये नाला गढूळ आणि बेभरवशाचा. सप्टेंबरअखेर पाणी निवळायला लागतं आणि तिथून डिसेंबरपर्यंतचा काळ सर्वांत फायद्याचा. जानेवारीनंतर पाणी आक्रसून डोहांत गोळा होतं, तेव्हा टाचण्याही त्याच दोन-तीन जागी एकवटतात. ज्यांना चालण्याचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी हा काळ उत्तम.

पक्षीवाल्यांसारखं पहाटे साडेपाचला पोचून काही मिळत नाही. टाचणीला अंग तापवायला ऊन लागतं. नागपूरच्या थंडीत साडेनऊच्या आधी नाल्यावर हालचाल नसते. साडेनऊ ते बारा आणि तीन ते साडेचार हे तास धरा. सकाळी लवकर जाण्याचा एकच उपयोग आहे: गारठलेली टाचणी गवताच्या काडीवर दवात भिजून बसते आणि फोटोला हलत नाही. पण तिला शोधायला नजर तयार लागते, ते दुसऱ्या हंगामासाठी ठेवा. तोवर बर्डीवर तर्री-पोहे खाऊन सावकाश निघालात तरी चालेल.

५. सामान

महागडं काही लागत नाही. लागतं ते हे:

- मॅक्रो लेन्स, ९० ते १०५ एमएमची. नसेल तर ७०-३०० सारखी टेलिफोटो आणि पुढे लावायचं क्लोज-अप भिंग
- फ्लॅश आणि त्याचा प्रकाश मऊ करणारा पडदा, म्हणजे डिफ्यूजर. थर्माकोलच्या पातळ शीटचा घरी केलेलाही चालतो
- जवळून फोकस होणारी दुर्बीण, ८ पट मोठं दाखवणारी पुरे
- वही आणि पेन्सिल. पेनाची शाई ओली होते
- पकड असलेले, पाणी निथळणारे बूट. गमबूट टाळा, आत पाणी भरलं की पाय जड होतात
- पूर्ण बाह्यांचा मळकट शर्ट, टोपी, काठी
- कपड्याला लावायचे दोन चिमटे. कशासाठी ते पुढे येईल
- ऑफलाइन उतरवलेला नकाशा, शिट्टी, पाणी

नव्या मोबाईलनेही ओळख पटण्याजोगा फोटो येतो. मुख्य लेन्स टाचणीच्या नाकाशी नेण्यापेक्षा दुप्पट झूमची लेन्स वापरा आणि थोडं अंतर राखा.

६. नाल्यावर: चाला कमी, बसा जास्त

सगळी मेख या पायरीत आहे.

नाल्यावर पोचलात की लगेच पात्रात उतरू नका. काठावरून प्रवाहाच्या उलट दिशेने, म्हणजे खालून वर, हळूहळू चाला. तुम्ही ढवळलेला गाळ मागे वाहून जातो आणि पुढचं पाणी स्वच्छ राहतं. साधारण शंभर पावलांचा एक पट्टा निवडा आणि तो संपेपर्यंत दुसरीकडे जाऊ नका. किलोमीटरभर तुडवणाऱ्याला उडून जाणाऱ्या टाचण्या दिसतात, बसणाऱ्याला परत येणाऱ्या.

परत येणं हा शब्द लक्षात ठेवा. ओढ्यावरच्या टाचण्यांचे नर आपापली जागा राखतात. पाण्याच्या वीतभर वर आलेली एखादी काडी, उघडं मूळ, दगडाचा कोपरा ही त्यांची बैठक. तिथून झेप घेतात, चिलट पकडतात किंवा शेजारच्या नराला हुसकावतात आणि पुन्हा त्याच काडीवर येतात. तुमच्या चाहुलीने नर उडाला तर त्याच्या मागे जाऊ नका. ती काडी लक्षात ठेवा, तिच्यापासून दोन हातांवर सावकाश बसा आणि वाट पहा. पाच मिनिटांत तो परततो. दहा मिनिटांत नाही आला तर तुमची सावली काडीवर पडत असेल, बाजू बदला.

बसल्यावर नजर कुठे ठेवायची? पाण्याच्या पृष्ठभागावर नको, तिथे चमक असते. पाण्याच्या वरचा फूटभराचा थर पहा आणि मागे गडद सावली येईल असा कोन धरा. उडणारी टाचणी गडद पार्श्वभूमीवर धाग्यासारखी चमकून जाते. आपल्या लक्ष्याच्या नराला तर पट्ट्यांमुळे उडताना पंखांची काळपट लपझप दिसते, बाकी शरीर जणू नाहीच. ही लपझप पाण्याला लागून, कमी उंचीवर आणि पुन्हा पुन्हा त्याच भागात दिसली तर श्वास आवरा, दुर्बीण लावा. विटकरी छाती, पाठीवर मिटलेले पंख आणि त्यावर पट्टा, तिन्ही दिसलं तर काम झालं.

जवळून पाहायची एक गोष्ट सांगतो. काठीसारख्या देठावर बसलेल्या टाचणीकडे सरळ सरका, ती उडत नाही. देठाभोवती गोल फिरून पलीकडच्या बाजूला जाते. तुम्ही डावीकडे झुकलात की ती उजवीकडे सरकते. दोन्ही बाजूंना फक्त डोळे बाहेर डोकावत राहतात. अशा वेळी एक हात सावकाश देठाच्या पलीकडे न्या, टाचणी आपोआप तुमच्या बाजूला येते.

मादी शोधायची तर जोडी शोधा. नर पोटाच्या टोकाने मादीची मान धरून तिला घेऊन उडतो, आणि मादी पाणवनस्पतींच्या देठांत किंवा पाण्यात लोंबणाऱ्या मुळांत चीर पाडून अंडी घालते. एकट्या मादीची ओळख भल्याभल्यांना चकवते. जोडीत असेल तर नरावरून ती आपोआप पटते. हेही ध्यानात घ्या की काठावरचं गवत उपटणं म्हणजे आतली अंडी उपटणं.

दगडांच्या आणि देठांच्या पाण्याबाहेरच्या भागावर रिकाम्या काती चिकटलेल्या असतात. पिल्लू पाण्यातून वर येऊन तिथे कात टाकतं आणि पंख वाळवून उडतं. टाचणीची कात बारीक, टोकाला ते तीन कल्ले. कात दिसली म्हणजे ती टाचणी याच पाण्यात वाढली, कुठून उडत आली नाही. नोंदीच्या दृष्टीने हा मोठा पुरावा. फोटो काढा, कात तिथेच राहू द्या.

७. फोटो: आधी पुरावा

दुर्मीळ टाचणी दिसली की सगळ्यांना आधी मासिकाच्या मुखपृष्ठाजोगा फोटो हवा असतो, आणि तोवर ती उडून जाते. क्रम असा ठेवा:

१. जिथे आहात तिथूनच एक फोटो, कसाही येवो.
२. बाजूने पूर्ण शरीर: छातीवरचे पट्टे आणि पंखांचे डाग दिसतील असा.
३. वरून: डोकं, मानेचा भाग, छातीची पाठ.
४. पोटाचं टोक जवळून, बाजूने आणि वरून. नराच्या टोकाला असलेल्या पकडींचा आकार जातीगणिक वेगळा असतो. सारख्या दिसणाऱ्या दोन जाती कितीदा तरी फक्त यावरून वेगळ्या करता येतात.
५. मग पार्श्वभूमी, प्रकाश आणि बाकी हौस.

टाचणी लांब आणि बारीक असल्यामुळे डोळा स्पष्ट आला की शेपूट धूसर आणि शेपूट आलं की डोळा धूसर, हे सगळ्यांचं होतं. कॅमेऱ्याचा सेन्सर तिच्या शरीराला समांतर आणा. हे नुसत्या मनगटाने साधत नाही, अख्खं अंग वाकवावं लागतं. अॅपर्चर एफ/८ ते एफ/११, फ्लॅशसह शटर १/२०० च्या आसपास. फ्लॅश नसेल तर १/५०० च्या खाली जाऊ नका. नाल्याकाठची हवा थांबत नाही.

ऑटोफोकस मागच्या पाण्यावर पळतो, कारण टाचणी त्याच्या चौकटीपेक्षा बारीक आहे. आधी ती बसलेल्या देठावर फोकस धरा, मग तो बदलू न देता स्वतः किंचित पुढे-मागे झुका आणि डोळा स्पष्ट दिसला की सलग चार-पाच फोटो घ्या. उघड्या फ्लॅशने पंखांवर पांढरा चट्टा उमटतो आणि पट्ट्याच्या कडा दिसत नाहीत, डिफ्यूजर त्यासाठी. समोर गवताची पाती आडवी आली तर तोडू नका, बाजूला वाकवून चिमट्याने दुसऱ्या पात्याला अडकवा आणि निघताना सोडवा.

टाचणी हातात धरून, पंख चिमटीत पकडून काढलेले फोटो मला स्वतःला बघवत नाहीत. नुकती बाहेर पडलेली टाचणी तर अशी ओली आणि मऊ असते की पंखाला एकदा मुरड पडली की ती कायमची. चकचकीत पंखांची, फिकट, अडखळत उडणारी टाचणी दिसली तर लांबूनच एक फोटो काढून तिला मोकळं सोडा.

८. धोके

एकटे जाऊ नका. व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेल्या माणसाला मागचं काही दिसत नाही, आणि या भागात अभयारण्याची हद्द संपली म्हणून वाघ-बिबट थांबत नाहीत. एकाने फोटो काढावे, दुसऱ्याने भोवताल पहावा, अर्ध्या तासाने पाळी बदलावी. मोहफुलांच्या दिवसांत सकाळी अस्वलाची भीती जास्त. दगडांच्या कपारीत हात घालण्याआधी काठी घाला, घोणस आणि मण्यार दोन्ही इथल्याच. वर ढग दिसत नसले तरी वरच्या अंगाला पाऊस झाला की नाला अचानक चढतो. पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या वाहून येऊ लागल्या की सामान उचलून काठ गाठायचा, फोटो राहिला तर राहिला. धरणाखालच्या पात्रात पाणी कधी सोडणार हे गावात आधी विचारा.

एक धोका लोक विसरतात. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात स्क्रब टायफसची साथ आली होती. झुडपांतल्या आणि गवतातल्या बारीक चिगर माइट चावल्याने हा ताप येतो. पँट मोज्यात खोचा, गवतावर सरळ बसू नका, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि अंघोळ करा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, किंवा काखेत, जांघेत सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग दिसला तर डॉक्टरांना "जंगलात गेलो होतो" हे आधी सांगा. वेळेत निदान झालं तर साध्या गोळ्यांनी बरं होतं.

९. नोंद आणि जागेची गुप्तता

घरी येईपर्यंत थांबू नका, वहीत तिथेच लिहा: तारीख, वेळ, नाल्याचं आणि जवळच्या गावाचं नाव, पाणी वाहतं की साचलेलं, ऊन की ढग, नर किती, माद्या किती, जोडी होती का, कशावर बसली होती. काही दिसलं नाही तरी तसं लिहा. "अमुक पट्टा, नोव्हेंबर, दोन तास, लक्ष्य नाही" ही नोंद पुढच्या माणसाची अख्खी सकाळ वाचवते, आणि तीच जागा दरवर्षी पाहिली तर नाल्याची तब्येत कशी बदलतेय हेही कळतं.

ओळख पक्की करायला फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाका. जाणकार तिथे पाहतात आणि चूक असेल तर सांगतात. सगळे कोन टाका, फक्त सर्वांत सुंदर नको. शंका असेल तर जातीचा आग्रह सोडून कुळापर्यंतच थांबा, त्यात कमीपणा नाही.

दुर्मीळ जातीचं ठिकाण मात्र उघडं ठेवू नका. आयनॅचरलिस्टवर स्थान अस्पष्ट करण्याचा पर्याय आहे. तो निवडला की नेमका बिंदू दिसत नाही, ०.२ अंश बाय ०.२ अंशांच्या चौकटीत कुठेतरी दाखवला जातो, म्हणजे एका बाजूला साधारण वीस किलोमीटर. नेमकी जागा वनखात्याला आणि अभ्यास करणाऱ्याला कळवा, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर नको. रविवारी वीस कॅमेरे त्या एका डोहावर उतरले की काठचं गवत आठवड्यात आडवं होतं. मोबाईलने काढलेल्या मूळ फाइलमध्ये अक्षांश-रेखांश दडलेले असतात, तेव्हा कुणाला ती पाठवण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन काढून टाका.